जावयाला वळसा

कारखान्यांच्या त्या पट्ट्यात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे गोगलगाय म्हणत, तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. ट्रकच्या मागे उतरत्या लाकडी चौकटीला टेकवून काचा उभ्या बांधलेल्या असायच्या आणि पुढे ही बाई डोक्याला रुमाल गुंडाळून, पहिल्या गिअरमध्ये, गर्भारणीला दवाखान्यात नेतात तशी गाडी नेत असायची. मागे हॉर्नचा नुसता कालवा. भंगारवाला तिला गाठून, खिडकीला खिडकी लावून ओरडायचा, "काय गोगलगायबाई, काल निघाला होतात का?"

"परवा," ती म्हणायची. "पण तुम्ही तर आत्ता निघालात ना? मग अजून माझ्याच मागे कसे?"

गाडी मुळात तिच्या सासऱ्यांची. त्यांची नजर अधू झाली तेव्हा चाकावर कुणी बसायचं हा प्रश्न घरात आला. थोरला मुलगा, म्हणजे तिचा नवरा, गिरणीत फिटर. यंत्राच्या पोटात शिरेल, पण चालत्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसवला की त्याला गरगरायचं. धाकटा, म्हणजे तिचा दीर, चालवायचा बरी, पण बोलता बोलता मान मागे वळवायचा, आणि त्याचं बोलणं काही थांबत नसे. सासरे म्हणाले, "एकाला चक्कर, दुसऱ्याची टक्कर. आता राहिलं कोण?" घरात राहिली होती ती. तिने हातातलं पीठ झटकलं आणि किल्ली घेतली. लोक महिनाभर बघायला यायचे. मग त्यांनाही कामं होती.

काच नेणं म्हणजे नुसतं ओझं नेणं नव्हे. काच उभी असली की आपलं वजन आपण पेलते. आडवी केली की स्वतःच्याच भाराने मोडते. तिचा सगळा जीव कडेत. कडेला टोला बसला की संपलं. म्हणून मोठी काच असली की दीर मागे चढायचा आणि काचेवर तळवा टेकवून बसायचा. रस्त्यावरचा हादरा डोळ्यांना दिसायच्या आधी त्याला तळव्यात कळे. काच थरथरली की तो केबिनच्या पत्र्यावर थाप मारी. एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. दोघांचं जमलेलं होतं. एरवी सकाळपासून रात्रीपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढणारे हे दोघे, पत्र्याच्या आरपार मात्र नवरा-बायकोपेक्षा सरळ बोलत.

आणि रस्ता? रस्ता म्हणायला रस्ता होता. शहरातून येणारा आणि सगळ्या कारखान्यांच्या दारावरून जाणारा हाच एक मोठा रस्ता. दिवसभर त्याच्यावर ट्रक, टँकर, बसगाड्या, सायकली. त्याला इतके खड्डे होते की लोकांनी त्यांना नाती लावली होती. लोखंडाच्या गोदामापुढचा उंचवटा म्हणजे सासू, कितीही जपून गेलात तरी काहीतरी बोलणारच. गटारापाशी दोन खड्डे शेजारी शेजारी, त्या जावा, एकीला चुकवावं तर दुसरी धरते. आणि रंगाच्या कारखान्याच्या निळ्या टाकीसमोर, चहाच्या टपरीपुढे, होता तो जावई. किती वेळा भरला तरी पुन्हा तोंड वासून तयार. त्याच्या अंगावरून जायची कुणाची छाती नव्हती. "जावई आहे बाबा, मान द्यायचा," म्हणून जो तो टाकी दिसली की चाक उजवीकडे घेई आणि वळसा घालून पुढे जाई. समोरून येणारेही तसेच. मोठी काच मागे असली की दीर टाकी दिसताच दोन थापा मारी, आणि ती थांबून मग वळसा घाली. नवी सून या वस्तीत आली की तिला आधी नळाची वेळ सांगत आणि मग जावई दाखवत.

याच जावयाने तिची अब्रू घेतली होती.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कामगार वस्तीत सार्वजनिक ग्रंथालय बांधलं होतं. रस्त्याकडे तोंड करून वाचनाची मोठी खोली, आणि तिला भिंतभर एकच खिडकी, अखंड काचेची. काच भट्टीतून पक्की करून निघाली की तिला कापता येत नाही आणि जोडता येत नाही. जायची तर अख्खी जायची. पहिली काच तिने नेली तेव्हा जावयापाशी समोरून बस आली आणि वळसा घालायला जागाच राहिली नाही. चाक आत गेलं. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि मागे दीर मिठाच्या खड्यांसारख्या काचेच्या ढिगात बसलेला. अंगाला खरचटलंही नव्हतं. "वहिनी," तो म्हणाला, "मी आहे. काच नाही."

दुसऱ्या वेळी तिने जावयाला लांबूनच वळसा घातला आणि सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात मागून पत्रा बडवला गेला. दोन थापा. तिला वाटलं, दीर उगाच घाबरतोय, आता कसला धोका? ती थांबली नाही. पुढे पाण्याखाली नवाच खड्डा तयार झाला होता. दुसरी काचही गेली. त्या दिवशी दीर घरी जाईपर्यंत एक अक्षर बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं तिला काच फुटल्याच्या आवाजापेक्षा जास्त लागलं. तिने सासऱ्यांच्या गाडीच्या चाकावर हात ठेवून शपथ घेतली, थाप ऐकली की थांबायचं. का, कशाला, असं विचारायचं नाही.

ग्रंथालयाने खिडकीला प्लायवूडची फळी ठोकली. आत दिवसा दिवे लावून वाचायची वेळ आली. कुणीतरी खडूने फळीवर गोगलगाय काढली, पाठीवर फुटकी काच घेतलेली. पाऊस यायचा, चित्र पुसलं जायचं आणि पुन्हा कुणीतरी काढायचं. वस्तीत पत्ता सांगताना लोक म्हणू लागले, "गोगलगायीच्या फळीपासून डावीकडे." तिचा स्वतःचा मुलगा परगावी नोकरीला लागला, त्याचं नोकरीचं पत्र घरी आलं तेही म्हणे त्याच पत्त्यावर. गोगलगाय हे नाव तिला कधी बोचलं नव्हतं. ती फळी बोचायची. त्या रस्त्याने जाताना ती मान दुसरीकडे करायची, आणि एवढ्या वर्षांत फळीही तिथेच होती आणि मानही तिकडेच.

मग रस्त्याचं काम निघालं. आधी कुणाचा विश्वास बसेना. बोर्ड लागला, तो वाऱ्याने पडला, पुन्हा लागला. मग खरंच यंत्रं आली. जुना डांबराचा थर खरवडून काढला, अर्धा रस्ता खणला, अर्ध्यावरून दोन्हीकडची वाहतूक आळीपाळीने. धूळ एवढी की चहात साय आली की माती बसली ते पिऊनच कळे. टपरीवाली म्हणायची, "माझा चहा आता खाऊनच बघा." सगळे शिव्या घालत होते. गोगलगाय एकटी गप्प होती. रोज जाता-येता खिडकीतून बघायची, आज काय खणलं.

जावई खणला त्या दिवशी तिने गाडी बाजूला लावली आणि खाली उतरली. टपरीवाली, भंगारवाला, रंगाच्या कारखान्याचे पहारेकरी, सगळे काठावर उभे. जावयाच्या पोटात काय निघतं ही सगळ्यांनाच उत्सुकता. निघाला एक जुना नळ, सांध्यात फाटलेला. कधीपासून आतल्या आत गळत होता आणि खालची माती धुऊन नेत होता. देखरेखीवरचा इंजिनिअर म्हणाला, "वरून मलम लावून काय होणार? दुखणं पोटात होतं."

"जावयाचं दुखणं नेहमी पोटातच असतं," भंगारवाला म्हणाला, आणि खड्ड्याच्या काठावर हशा पिकला.

नळ बदलला. खाली मोठे पाइप घातले, दगड, खडी, मुरूम दाबून बसवला, रोलर फिरला. मग काँक्रीट आलं. त्याच्यावर ओली पोती पसरली. ती पोती सुकू नयेत म्हणून टपरीवाली आपल्या पिंपातलं पाणीसुद्धा ओतायची, कुणी सांगितलं नसताना. मधे दुभाजक झाला, कडेला पायवाट, वर दिवे, आणि खाली पांढऱ्या पट्ट्या. जाण्याला दोन गाड्यांची वाट, येण्याला दोन गाड्यांची वाट. सासू गेली, जावा गेल्या, जावई गेला. पहिल्या दिवशी तिने रिकामी गाडी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फिरवली. दीर शेजारी बसला होता.

"वहिनी, काही आवाजच नाही."

"हं."

"झोप येते असल्या रस्त्यावर."

"झोपा. तेवढंच माझ्या कानांना सुख."

दुसऱ्या दिवशी ती काच कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांपुढे उभी राहिली. "ग्रंथालयाची काच करा साहेब. मी नेते."

साहेब वाईट नव्हते. पण त्यांच्या हिशेबी दोन काचा तिच्या गाडीत गेल्या होत्या. "बाहेरून गाडी मागवतोय मी," ते म्हणाले. "हवेच्या उशांवर चालणारी. तुमचा राग नको."

"राग कसला? एक फेरी माझ्याबरोबर करा. एखादी बाद काच घाला मागे. मग ठरवा."

ओरखडा पडलेली एक मोठी काच चढवली. बाद काचेला कोण सांभाळणार, म्हणून दीर मागे न चढता केबिनमध्येच दोघांच्या मधे बसला आणि साहेबांना आपल्या मूतखड्याची हकिगत सांगू लागला. गाडी लोण्यावरून सुरी जावी तशी चालली होती. साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत होता. आणि निळी टाकी आली.

तिच्या हातांनी चाक गपकन उजवीकडे घेतलं. गाडी हेलकावली, मागे काच दोरांत करकरली, साहेबांचं डोकं खिडकीवर आपटलं. गाडी पुन्हा सरळ झाली, पण दिराची हकिगत अर्ध्यातच राहिली.

"रस्ता मोकळा," साहेब कपाळ चोळत म्हणाले. "गुळगुळीत. मग वळलात कशाला?"

आपल्याच हातांकडे ती परक्याचे असल्यासारखी बघत राहिली.

त्या रात्री ताटावर बसून तिने हे नवऱ्याला सांगितलं. फिटर माणूस. त्याने घास संपवला, पाणी प्यायला, मग म्हणाला, "पट्टा बदलला तरी चाक काही दिवस जुन्यासारखंच ओढतं. चालवत राहा." वर्षभराचं बोलून तो हात धुवायला उठला.

सकाळी ती साहेबांकडे पुन्हा गेली. "काच भट्टीतून निघेपर्यंत वेळ आहे ना? तोवर रोजचा माल मी त्या टाकीसमोरूनच नेते. तुम्ही टपरीवर चहाला येत जा. एकदा जरी वळले तर खुशाल बोलवा बाहेरची गाडी."

साहेब हसले. पण दुसऱ्या दिवशी खरंच टपरीवर येऊन बसले.

तेव्हा त्यांना एक गंमत दिसली. वळणारी ती एकटी नव्हती. टँकर आला, वळला. भंगारवाला आला, वळला. सायकलवरून शिफ्टला निघालेली बाईही सपाट काँक्रीटवर अर्धवर्तुळ काढून गेली. परगावचे ट्रक तेवढे सरळ जायचे आणि ही माणसं कशाला वाकडी होतात म्हणून वळून बघायचे. टपरीवाली किटली हलवत म्हणाली, "जावई मेला, पण मान काही गेला नाही बघा."

साहेब पोट धरून हसले. तिसऱ्या दिवशी त्यांना जरा उशीर झाला. त्यांची गाडी आली, स्वतःच चालवत होते, आणि रिकाम्या रस्त्यावर टाकीसमोर झोकदार वळसा घालून टपरीपाशी थांबली. टपरीवरची सगळी गिऱ्हाइकं एकदम उठून टाळ्या वाजवू लागली. साहेबांना क्षणभर कळेचना. कळलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले.

गोगलगाय तेवढ्यात आपला माल घेऊन आली. नजर टाकीवर नाही, टपरीवर नाही, समोरच्या पांढऱ्या पट्टीवर खिळलेली. हात चाकावर घट्ट, आणि ओठ हलत होते. ती हातांना शिव्या देत होती. गाडी जावयाच्या छातीवरून सरळ निघून गेली.

"तीच नेईल," साहेब म्हणाले. "चहा द्या."

काच भट्टीतून निघाली. एवढी मोठी की तिच्यात सगळा कारखाना आणि वरचं आभाळ एकदम दिसत होतं. रबरी वाट्या चिकटवून माणसांनी ती उचलली, कडांना पुठ्ठा आणि लोकरीचा जाड नमदा लावला, घोड्याला, म्हणजे त्या लाकडी चौकटीला, टेकवून दोर आवळले. किती वर्षांनी दीर पुन्हा मागे चढला. चढताना त्याने दोन्ही तळवे पँटला पुसले.

आदल्या दिवशी ती टपरीवर उभी राहून सगळ्यांना सांगून आली होती, "उद्या सकाळी मी काच घेऊन निघतेय. टाकीपाशी कुणी माझ्या बाजूला वळसा घालत आलात तर गाठ माझ्याशी आहे."

"म्हणजे आम्ही काय करायचं? हात बांधून गाडी चालवायची?" भंगारवाला म्हणाला.

"तुम्ही चालवूच नका. तेवढाच रस्ता सुरक्षित."

तिला वाटलं होतं, हसण्यावारी नेतील. पण सकाळी ती फाटकातून बाहेर पडली आणि बघते तर काय, रस्त्याच्या कडेला गाड्या ओळीने उभ्या. टँकर, टेम्पो, भंगाराचा डबा. इंजिनं बंद. माणसं दुभाजकावर, पायवाटेवर, टपांवर. कुणी ओरडत नव्हतं. हॉर्न तर नाहीच. एवढ्या वर्षांत त्या रस्त्यावर एवढी शांतता तिने ऐकली नव्हती.

ती निघाली. पहिला गिअर, दुसरा, आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, मागे काच असताना तिसरा. लोखंडाचं गोदाम गेलं. गटार गेलं. निळी टाकी डोळ्यांच्या कडेला मोठी होऊ लागली. तिने पांढऱ्या पट्टीला नजर बांधली. हात वळवळले. "खबरदार," ती हातांना म्हणाली. हात गप्प बसले.

आणि पत्र्यावर थाप पडली. एक. आणि लगेच दुसरी.

दोन थापा. थांब.

तिचा पाय ब्रेकवर गेलाच. शपथ होती. मागच्या वेळी ऐकलं नाही आणि काच गेली होती. पण या वेगात ब्रेक लावला तर एवढं वजन पुढे येणार, कड चौकटीला घासणार, आणि मग जावई नसताना जावयाचं काम तिचा पायच करणार. पाऊल पेडलवर ठेवून ती ऐकत राहिली. अंगभर ऐकत राहिली. सीट गप्प होती. चाक गप्प होतं. दोर करकरत नव्हते. आणि ती थाप! ती थाप घाबरलेली नव्हती. मागच्या वेळी दिराने पत्रा बडवला होता. आज त्याने नुसती थाप मारली होती, पूर्वी टाकी आली की दर वेळी मारायचा तशी, झोपेत कूस बदलावी तशी. ती थाप काचेची नव्हती. सवयीची होती. तिला हातांची सवय मोडायचं सुचलं होतं, पण मागे बसणाऱ्यालाही हात आहेत हे सुचलं नव्हतं.

तिने पाय उचलला. गाडी सरळ गेली. टपरी मागे पडली. काही फुटलं नाही, काही वाजलं नाही.

मागून आधी एक दबका आवाज आला, "अरे देवा!" मग रडकुंडीला आलेला दीर पत्र्याला तोंड लावून ओरडला, "वहिनी! चुकलं! हात आपोआप गेला! थांबला नाहीत ना?"

"थांबले असते तर तुम्ही पुन्हा मिठात बसला असता," तिने खिडकीतून ओरडून सांगितलं. "हात काचेवर ठेवा, भावजी, आणि तोंड बंद!"

"काच बोलतच नाही हो वहिनी!" तो हसत होता की रडत होता हे कळायला मार्ग नव्हता. "नुसती गार बसलीय!"

मागे टपरीपाशी कुणीतरी हॉर्न दिला. मग दुसऱ्याने. मग सगळ्या ओळीने. ज्या हॉर्नांनी तिला एवढी वर्षं पुढे ढकललं होतं, ते सगळे आज तिच्यासाठी वाजत होते, आणि ती गोगलगाय मात्र कुणालाही ऐकू न जाता मोठमोठ्याने हसत तिसऱ्या गिअरमध्ये चालली होती.

ग्रंथालयाच्या दारात ग्रंथपालबाई आणि वाचणारे सगळे उभे होते. सुताराने फळीचे खिळे उपटले. फळी खाली आली, आणि वाचनाच्या खोलीत उजेड असा घुसला की आतल्या धुळीलाही लाज वाटली असेल. माणसांनी रबरी वाट्या धरल्या. दीर कडेला उभा राहून "हळू, हळू, माझी आहे ती" असं बजावत राहिला, जसा काही कन्यादानाला निघालाय. काच चौकटीत बसली. सुताराने सभोवार पट्टी दाबली. वाट्या निघाल्या. क्षणभर तिथे काहीच नाहीसं वाटलं. रस्ता थेट खोलीत आला होता, पांढऱ्या पट्ट्यांसकट.

आतला एक म्हातारा वाचक खुर्ची ओढून उजेडात बसला, पेपर उघडला आणि म्हणाला, "इतकी वर्षं उगीच चष्म्याचा नंबर वाढवला मी."

ग्रंथपालबाईंनी फळीकडे बोट केलं. खडूची गोगलगाय तिच्यावर ताजीच होती, कालच कुणीतरी काढलेली. "ही जाळून टाकू?"

"जाळता कशाला? चांगलं प्लायवूड आहे," गोगलगाय म्हणाली. तिने पहिल्यांदाच ते चित्र समोरून, नीट पाहिलं. "बरी काढलीय हो. फक्त काच फुटकी नको." तिने कोपऱ्यातला खडू उचलला, गोगलगायीच्या पाठीवरच्या काचेचे तडे बोटाने पुसले, आणि चौकोन पुरा केला. मग दिराला म्हणाली, "घाला मागे. तुम्हाला बसायला होईल. पुढच्या वेळी बूड दुखलं म्हणून तक्रार नको."

परत निघाली तेव्हा गाडी रिकामी होती. दीर मागे त्या फळीवर मांडी ठोकून राजासारखा बसला होता. रस्ता समोर दुपारच्या उन्हात लखलखत पडला होता. निळी टाकी आली. टपरीवरची सगळी मंडळी उभी राहून बघत होती.

तिने जोरात हॉर्न दिला, चाक उजवीकडे घेतलं, आणि मोकळ्या, सपाट, गुळगुळीत रस्त्यावर जावयाला भला मोठा वळसा घातला. मागून पत्र्यावर खणखणीत थापा पडल्या. किती, ते तिने मोजलं नाही.